चौदाशे डिग्री

उद्यमबागेत बावीस वर्षं भट्टीवर आहे मी.
लोखंड कधी ओतायचं ते रंगावरून सांगतो,
मीटर नंतर बघतात आणि मान हलवतात.
आणि इथं, कणकुंबीच्या अलीकडे,
ठकूबाई येडग्यांच्या पडीत
अख्खी काडेपेटी संपली
तरी मूठभर काटक्या पेटेनात.

ठकूबाई हसली नाही.
हसली असती तर बरं झालं असतं.

सकाळी जांबोटीला उतरलो तेव्हा
पाठीवर सतरा किलो होते,
कारखान्याच्या काट्यावर मोजून आणलेले.
तिनं सॅक पारावरच उपडी केली, चार माणसांदेखत,
आणि एकेक वस्तू उचलून विचारत गेली,
ह्ये नसलं तर मरशील?
हवेची उशी. नाही.
घडीची खुर्ची. नाही.
दोन टॉर्च, वर कपाळाला बांधायचा तिसरा.
कॉफी गाळायच्या काचेपाशी जरा थांबली,
उलटीसुलटी केली.
लेकीनं दिलीय, म्हटलं.
ती तिनं ओट्यात घातली, जपते म्हणाली.
बाकीचं टपरीवाल्याकडं.
उरलं ते पातेलं, कोयता, दोरी, ताडपत्री,
एक घोंगडं, दोन मुठी तांदूळ.

साकू, म्हणाली.
बोलते सगळं मराठीत,
पण पुरे म्हणायला तिला कन्नडच लागतं.
मला तो शब्द
दोन्हीतल्या एकाही भाषेत नीट येत नव्हता.

दुपार गाठींत गेली.
मला येते एकच, निरगाठ,
तीही दोनदा मारायची सवय.
सकाळी सोडणार कशानं?
कोयत्यानं.
मग उद्याच्या रातीला दोरी कुठली?
तिची सुरगाठ वासराला झटका बसला की आवळते
आणि शेपूट ओढलं की
कधी बांधलंच नव्हतं अशी सुटते.

आता जाळ.
पडलेलं उचलू नको, ते भुईचं झालं.
उभं वाळलेलं बघ.
मोडताना कट्ट वाजलं पायजे.
सरपण कानानं निवडायचं, हे मला नवं.
भट्टीच्या ब्लोअरनं उजवा कान केव्हाच नेलाय.
डावा पुढं करून मोडत बसलो कारवीच्या काड्या,
कट्ट, कट्ट, मग एक मुकी,
ती टाकायची.

भेरली माडाच्या बगलेतला तपकिरी कापूस तिनं दिला,
गारगोटी दिली,
पोलाद तिचं पावसाळ्यात हरवलेलं.
माझ्या खिशात कानशीचा तुकडा निघाला,
कारखान्यातला, सवयीनं आलेला.
खिसे तिनं तपासले नव्हते.

बोटांची सालं गेली.
कितवी तरी ठिणगी कापसात बसली
आणि मी छाती भरून फुंकणार तोच,
आरं, निजल्या पोराच्या तोंडावरली माशी उडवतोस
तसं.

तसं.

मग मी हावरटासारखी लाकडं रचायला लागलो.
तिनं काढून घेतली.
गाडा वितळवायचाय व्हय?
पातेल्याच्या बुडाएवढा जाळ ठेवला,
भोवतीचा पाला पायानं सारला,
आणि अंधार पडायच्या आत घरी गेली.

भात खाली करपला, वर कच्चा राहिला.
खाल्ला.
कमरेखाली एक दगड होता,
तीनदा जागा बदलली, तोही बदलत आला.
डाव्या कानावर झोपलो की रान गप्प,
कूस वळलो की सुरू,
पाचोळा, पाणी,
आणि मध्यरात्री जवळच कुणीतरी जड,
नाकातून श्वास सोडणारं.
गवा असावा.
उठलो आणि ताडपत्रीच्या चौथ्या कोपऱ्याला
भीतीनं निरगाठ मारली.
गव्याला तिचं काय होतं, विचारू नका.

पहाटे ठकूबाई आली.
राखेत बोटं घालून निखारा शोधला,
किती लाकडं गेली, विचारलं.
मोजली नव्हती.
आम्ही टनात मोजतो.

तीन कोपरे एका ओढीत सुटले.
चौथा दवानं फुगलेला,
नखांनी, दातांनी, कानशीच्या टोकानं,
सुटेना.
कोयता तिनं आधीच उचलून बाजूला ठेवला होता.
कॉफीच्या काचेतून ताक आणलेलं,
ते पेल्यात ओतत म्हणाली,
ह्ये बरं हाय गा, ह्येला धार चांगली हाय.
घे की. गाठ कुठं पळतीया.